बर्फातली शीळ

सहलीला निघायचं म्हटलं की माणसाच्या अंगात काय संचारतं, देव जाणे! घरी पंखा जरा कुरकुरला तरी ज्याची झोपमोड होते, त्याच गृहस्थाला डोंगरात गेल्यावर कानठळ्या बसवणारा डीजे लागतो. प्रवासाची आखणी करून देणाऱ्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात, बुकिंगच्या टेबलावर बसणाऱ्या ताईंना सोळा वर्षांत हे पाठ झालं होतं. इतकं पाठ, की आता त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

त्या दिवशी सकाळी समोरच्या खुर्चीत एका औषध कंपनीचे विक्रीप्रमुख ऐसपैस बसले होते. आवाज असा दणदणीत, की ऑफिसात सगळे त्यांना 'भोंगासाहेब' म्हणत. अर्थात त्यांच्या माघारी. चाळीस माणसं न्यायची होती. वसंतात चार दिवस हिमालयातल्या थंड हवेच्या ठिकाणी, आणि मग तिथून तासाभरावर देवदारांच्या जंगलात असलेल्या रिसॉर्टवर दोन दिवस.

"हिरवळीवर नाच पाहिजे, ताई. झाडाझाडांवर दिवे सोडा. शेवटच्या दिवशी आतषबाजी. आणि हो, प्राणी दिसलेच पाहिजेत हं! नाहीतर आमची मंडळी माझं डोकं खातील."

ताईंनी अर्जावर खुणा केल्या. संगीत, हो. रोषणाई, हो. आतषबाजी, हो. या तीन चौकटी त्यांनीच मागे अर्जावर छापून घेतल्या होत्या. दरवेळी तोंडी सांगत बसायची कटकट नको! संध्याकाळी सहीला येतो असं सांगून भोंगासाहेब गेले, तेव्हा ऑफिसात एकदम हलकं वाटलं.

कोपऱ्यात खिडकीपाशी आप्पा बसले होते. आप्पा म्हणजे ताईंचे सासरे. काचबिंदूनं त्यांची नजर पार अधू झाली होती. उजेड आणि अंधार एवढाच फरक कळे. नवरा कारखान्यात पाळीवर, म्हणून आप्पांना घरी एकटं ठेवण्यापेक्षा ताई त्यांना बरोबर घेऊन येत. तरुणपणी त्यांनी त्याच डोंगरांत दोन वर्षं रस्त्याची मोजणी केली होती. तंबूत राहायचे. पहाटे पाचला, अंधारातच, एक निळा पक्षी माणसासारखी शीळ घालायचा. त्यांच्या तुकडीनं त्याचं नाव ठेवलं होतं 'पाचवाला'. आता आप्पांची एकच इच्छा उरली होती, पाचवाल्याला पुन्हा एकदा ऐकायची. डॉक्टरांनी हृदय तपासून स्पष्टच सांगितलं होतं, की जायचं तर या वसंतात जा. पुढच्या वर्षी मी उंचावर जाऊ देणार नाही.

म्हणून भोंगासाहेबांच्या सहलीनंतरच्या आठवड्यात ताईंनी आप्पांसाठीही त्याच रिसॉर्टवर खोली धरायची ठरवली होती. त्यांनी फोन लावला आणि आप्पांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"या की, ताई!" पलीकडून मॅनेजर म्हणाला. "आत्ता मात्र गुडघाभर बर्फ आहे. सगळं कसं शांत, पांढरंशुभ्र."

त्याच्या बोलण्यामागून एक शीळ आली. लांबलचक, वळणं घेत जाणारी, जणू कुणी माणूसच चालता चालता आपल्याच नादात वाजवतोय. आप्पा खुर्चीतून अर्धे उठले.

"हाच! सूनबाई, हाच तो पाचवाला!"

त्यांचे डोळे भरून आले. ताईंनाही भरून आलं. इतक्या वर्षांत असंख्य फोन केले, पण ही शीळ कधी कानांवर घेतलीच नव्हती. शीळ चालली होती, तेवढ्यात पलीकडे कुणीतरी खोकलं. शीळ थांबली. चार-पाच श्वास काहीच नाही. मग पुन्हा सुरू झाली.

फोन ठेवला तेव्हा आप्पांचा चेहरा उतरला होता.

"किती वाजले गं?"

"सव्वाअकरा."

"भर दिवसा? तो उजाडायच्या आत गातो. आणि बर्फात? बर्फ पडला की तो खाली दऱ्यांत निघून जातो, सूनबाई. तिथे आत्ता कोण गात होतं?"

ताई हसल्या. "पक्षी काय घड्याळ लावून गातात, आप्पा?" पण मनात कुठेतरी खुट्ट झालं. दुपारी दोन वाजता त्यांनी खोल्यांची संख्या विचारायच्या निमित्तानं पुन्हा फोन लावला. तीच शीळ. तीच वळणं. मग खोकला. मग चार-पाच श्वासांची शांतता. मग शीळ.

ताईंच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"तुमच्याकडे कुणाला बरं नाहीये का?" त्यांनी विचारलं. "कोण खोकतंय?"

"इथे? इथे माझ्याशिवाय कुणीच नाही, ताई," मॅनेजर म्हणाला. मागून पुन्हा कुणीतरी खोकलं.

ताईंनी घाईघाईनं फोन ठेवला. ऑफिसात ऊन होतं, बाहेर रस्त्यावर रहदारी होती, तरी त्यांनी पदर अंगाभोवती घट्ट लपेटून घेतला. आप्पा मात्र मान खाली घालून विचार करत होते.

"तो माणूस हॉटेलात नाही," ते सावकाश म्हणाले. "खोकला आला की पक्षी गप्प होतो. म्हणजे खोकणारा पक्ष्याजवळ आहे. जंगलात. विचार त्याला, जंगलात कोण उभं आहे?"

तिसऱ्यांदा फोन लावला तेव्हा ताई इकडचं तिकडचं काही बोलल्याच नाहीत. त्यांनी सरळ आप्पांचा प्रश्न विचारला.  पलीकडून आधी नुसती शीळ येत राहिली.

"आमचा जुना राखणदार होता, ताई, पाखरांना रोज घास टाकायचा," शेवटी मॅनेजर म्हणाला. आवाज पडलेला होता. "नऊ वर्षांपूर्वी त्यानं पहाटे जंगलात बसून हे रेकॉर्डिंग केलं. मध्येच त्याला खोकला आला, तोंडावर हात धरला तरी तो त्यात आलाच. तीन वर्षं झाली त्याला जाऊन. झाडांत स्पीकरच्या पेट्या बसवल्यात, त्यांवर ते आपोआप दिवसभर वाजतं, पाहुणे असोत नसोत. पाहुणे विचारतात ना, जंगल असं मुकं का म्हणून! खरं सांगू? मी एकटा असलो की मलाच भीती वाटते. जो खोकतो तो नाही, आणि जो गातो तोही नाही."

"बर्फ आहे म्हणून नाही ना? वसंतात येतो ना परत?"

"चार वसंत झाले. नाही आला."

"पण का? झालं काय असं?"

"तुम्ही विचारता होय, ताई?" मॅनेजर म्हणाला. रागानं नाही, थकून. "वसंत म्हणजे त्यांचे घरट्यांचे दिवस. नेमकी तेव्हाच हिरवळीवर गाणी, झाडांवर दिवे, वर फटाके. याद्या तर तुमच्याच ऑफिसातून येतात."

ताई सुन्न झाल्या! समोर सकाळचा अर्ज होता. त्यांच्याच हातच्या तीन खुणा त्यांच्याकडे बघत होत्या. आपण कुणाला मारलं नाही, झाड तोडलं नाही, नुसत्या खुणा केल्या. सोळा वर्षं, रोज, चहा पिता पिता! त्यांना आप्पांकडे बघवेना. म्हाताऱ्याच्या आयुष्यातली शेवटची इच्छा आपणच आपल्या पेनानं खोडून टाकली, आणि आपल्याला पत्ताही नाही, या विचारानं त्यांना रडू आलं.

"रडू नकोस," आप्पा म्हणाले. "मोजणीच्या वेळी दगड फोडायला सुरुंग आम्हीही लावले. तेव्हा आम्हाला तरी कुठे सुचलं?"

पाच वाजता भोंगासाहेब सहीला आले. ताईंनी अर्ज पुढे केला. तिन्ही चौकटींवर काट मारलेली होती.

"हे काय? नाच नाही, दिवे नाहीत? अहो, एवढ्या लांब जाऊन आम्ही करायचं काय? ऑफिसचा ताण असतो, जरा धमाल नको का? आम्ही दुसरीकडे जाऊ!"

ताई मागे हटल्या नाहीत. "जा, साहेब. पण या हातानं त्या खुणा आता होणार नाहीत. जायच्या आधी एवढं ऐका." त्यांनी फोन लावून स्पीकर चालू केला.

शीळ खोलीभर पसरली. मग खोकला. मग ती शांतता.

"ऐकलंत?" आप्पा म्हणाले. "खोकला तो त्या पाखराला घास घालणारा, रोज जवळून जाणारा ओळखीचा माणूस. एकदाच खोकला, तोही तोंडावर हात ठेवून. तेवढ्यानं पाखरू घाबरून गप्प झालं. आता तुम्हीच सांगा, साहेब, तुमच्या डीजेनं त्याचं काय होत असेल?"

भोंगासाहेबांनी हातातला अर्ज टेबलावर ठेवला.

"आणि हा माणूस मेलाय," आप्पा पुढे म्हणाले. "पक्षीही नाही. चाळीस जणांना घेऊन तुम्ही ज्या जंगलात चाललात ना, ते जंगल आता एका पेटीत आहे. प्राणी दिसले पाहिजेत म्हणता. कसे दिसावेत? पाहुणा दारात येताना ताशे बडवत आला, तर घरातली लेकरं बाहेर येतील की पलंगाखाली लपतील?"

त्या दांडग्या माणसानं खुर्ची ओढली आणि तो बसला. बोलला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येईना, इतका लहान झाला होता.

"माझ्या धाकटीला झोप लागली की मी घरात अनवाणी फिरतो," तो म्हणाला. "मग तिथेच असं का होतं मला?" मग त्यानं विचारलं, "पण मग संध्याकाळी आम्ही करायचं काय, आप्पा?"

"काही करू नका. बसा."

भोंगासाहेबांनी सही केली. खालच्या कोऱ्या जागेत स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'पेट्याही बंद ठेवाव्यात.'

दहा दिवसांनी ताईंनी खोल्या पक्क्या करायला फोन लावला. मॅनेजरनं पेट्या उतरवल्या होत्या. त्याच्या मागून आता काहीच येत नव्हतं. ना शीळ, ना खोकला, ना पान हलल्याचा आवाज. ती पोकळी इतकी खोल होती, की ताईंना फोन कानाशी धरवेना. त्यांनी स्पीकर चालू केला. आप्पा कितीतरी वेळ ऐकत राहिले.

"आप्पा, रद्द करू या का आपली खोली?" ताईंनी हळूच विचारलं. "तिथे तुम्हाला ऐकायला काही नाही."

"अजिबात नको," आप्पा म्हणाले. "हेच तर खरं जंगल. आपण मुकं केलेलं. मला तो ऐकायला मिळेल न मिळेल. पण पहाटे पाचला मी बाहेर खुर्ची टाकून बसेन. कुणीतरी गप्प बसून त्याची वाट बघतंय, हे त्याला कळायला नको का?"

ताईंनी खोली पक्की केली आणि नवे अर्ज छापायला टाकले. त्यांत त्या तीन चौकटी नव्हत्या.

वाचकहो, आपणही यंदा कुठे ना कुठे जाणारच आहोत. जरूर जावं. पण जंगल हे आपल्या हौसेसाठी भाड्यानं घेतलेलं सभागृह नव्हे. ते कुणाचं तरी घर आहे, आणि तिथे लेकरं निजलेली आहेत. तेव्हा सामान बांधताना एवढं एक करा. आपला आवाज घरीच ठेवून निघा.