उभारी

"सर, उभारी म्हणजे काय?"

पुनम आणि तनुजा या माझ्या मैत्रिणींनी पैज लावली होती, की भर सभेत हे विचारून दाखव. दाखवलं! माईक हातात घेतला आणि आवाज जरासुद्धा कापला नाही.

स्टेजवर लातूरचे शिवप्रसाद सर होते, जिद्दीवर भाषणं देणारे. नुकतंच त्यांनी स्वतःच्या पुस्तकातून वाचलं होतं, 'आई कोसळली. वडिलांनी उभारी घेतली. आज ती माउली डाव्या हातानंही भाकरी थापते.' आमच्या देवणीच्या शाळेतले झाडून सगळे पालक टाळ्या वाजवत होते. पहिल्या रांगेत माझे आप्पा, भुजंगराव बिरादार, तेही.

"उभारी म्हणजे उमेद, बेटा."

"न्हाई सर. उभारी म्हणजे बैलगाडीच्या कडेला उभा ठोकलेला दांडा. वडिलांनी तो उपसला आणि आईला हाणला. दोनदा. उजवं मनगट मोडलं. ते 'दोनदा' तुम्ही गाळलंत."

मागं कुणीतरी खिदळलं.

"तुला कसं ठाऊक?"

"मीच लिहिलंय की! विद्यार्थ्यांच्या फोरमवर, 'खारूताई' नावानं."

"अगं, फोरमवर टाकलं की ते सगळ्यांचंच होतं."

"वाचायला सगळ्यांचं. छापायचं तर लिहिणाऱ्याला विचारायचं, तिथल्या नियमातच हाय." मी खारूताईचं खातं उघडून मोबाईल उंच धरला. "माझं नाव टाका, न्हाई तर पान काढा."

सरांनी घाम पुसला. "बरं. पूर्ण नाव पाठव. पुढच्या आवृत्तीत घालतो."

पुनमचं तोंड उघडंच. तिला वाटायचं, फोरमवरचं ते मी मनानं रचलंय. आप्पा मात्र उठून चालायला लागले होते.

घरी अंगणात पाय ठेवला आणि आप्पांनी वेणी धरून मला बैलगाडीच्या चाकावर आपटलं. भुवई फुटली. मोबाईल दगडावर ठेचला.

"घरातलं गावभर करतीस? खारूताई होतीस तेच बरं होतं!"

मग त्यांचा हात गाडीकडं गेला. तीच उभारी. आई मध्ये घुसली, पहिला तडाखा तिच्या खांद्यावर बसला. दुसरा उतरायच्या आत मी उभारी धरली. तळव्यात लाकडाची कुसळं घुसली, तरी सोडली नाही. शेजारी आईचा डावा हात येऊन बसला. दोघींनी मिळून असा हिसका दिला की आप्पा शेणात आडवे! उभारी आमच्याकडं.

आप्पा उठले नाहीत. खालूनच म्हणाले, "तुझं नाव नुसतं अयोध्या बिरादार लिव्ह. मधलं माझं तेवढं गाळ."

मी डोळ्यातलं रक्त पुसलं.

"आई, आप्पा, ऐका. मी ठरवलंय. पुस्तकात 'दोनदा' परत येणार. आणि खाली नाव येणार, अयोध्या भुजंग बिरादार. मधलं मी गाळणार न्हाई."