जांभळ्या मानेच्या सात जणी

कोंबडीत जीव गुंतवणारा माणूस अर्धवट, असं सासूबाई उभ्या गल्लीला ऐकवत आल्या होत्या. त्यामुळे शेजारच्या मांजराने परसातल्या सात पांढऱ्या कोंबड्यांपैकी एकीची मान ओरबाडली, तेव्हा सुनेने सरळ मोठं पातेलं काढलं. रविवारी तिच्या माहेरची बारा माणसं जेवायला येणार होती. आयतंच फावलं.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "रविवारी सकाळी ती बाकीच्यांत मिसळून दाणे टिपताना दिसली नाही, तर खुशाल काप. मीच पाय धरते."

"शब्द देताय, आई?"

"देते. शब्द फिरवायला मी काय तुझा नवरा आहे?"

नवऱ्याने पेपर आणखी वर धरला. शहाणा होता.

सासूबाईंनी कोंबडी न्हाणीघरात टोपलीखाली ठेवली, मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुतली. जनावरांच्या डॉक्टरने जांभळं औषध दिलं. म्हणाला, "लाल दिसलं की बाकीच्या टोचून टोचून जीव घेतात. हे लावलं की रक्त दिसत नाही." मग रोज दार लावून सासूबाई तिला मांडीवर घ्यायच्या आणि शालीत लपवून आणलेला पाव भिजवून भरवायच्या.

"गिळ गं भवाने! माझं नाक कापायला बसलीयेस."

बाहेर पाऊल वाजलं की पाव सासूबाईंच्याच तोंडात.

शनिवारी दुपारी तिला बाहेर सोडली. जखम सुकली होती, पण सहाही जणी तिच्यावर तुटून पडल्या. चार दिवसांत ती परकी झाली होती, त्यात मान जांभळी.

"मेल्यांनो, नवी सून आल्यासारखं काय करताय!" असं ओरडून सासूबाईंनी तिला उचललं, आणि आपण काय बोललो ते कुणी ऐकलं नाही ना, हेही पाहून घेतलं.

दिवेलागणीला कोंबडीला दिसत नाही. खुराड्यातल्या दांडीवर सहा जणी पेंगत बसल्या होत्या. सासूबाई बाटली घेऊन आत शिरल्या, सहाही माना जांभळ्या केल्या आणि सातवी मधोमध बसवून दिली.

सकाळी सून सुरी घेऊन परसात आली. सात जांभळ्या माना एका ओळीत दाणे टिपत होत्या.

"आई, हे काय?"

"साथ आलीय."

"तुमच्या बोटांनाही?"

"लागण झाली असेल."

"आपली कोणती यातली?"

"शोध की. मिसळलीय ना? झालं तर."

"रंगकाम कुठे ठरलं होतं?" सून म्हणाली. मग एकदम गोड आवाजात, "दमला असाल, आई. टेका जरा पायरीवर."

सून गोड बोलली तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण गुडघे दुखत होते, सासूबाई टेकल्या. लगेच एकीने दाणे सोडले, तुरूतुरू आली, टुणकन मांडीवर चढली आणि शालीत चोच खुपसून पाव शोधू लागली.

"अर्धवट माणूस सापडलं," पेपरामागून आवाज आला.

सासूबाईंचे कान तापले. "काप मग! शब्द दिलाय. मी पाय धरते," म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी कोंबडी शालीत घट्ट गुंडाळली.

"पाय कुठे दिसतायत?" सुनेने सुरी त्यांच्यापुढे धरली. "चार किलो बटाटे आहेत. बारा माणसं येतायत."

सासूबाईंनी जन्मात सुनेचं कधी ऐकलं नव्हतं.

"लांबट चिरू की चौकोनी?" त्यांनी विचारलं.