सेल्वाला केलेला नमस्कार

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर खेळताना दोन्ही हातांत जो धरतात, तो मी. वडगावच्या या घरात मात्र मला सगळे रिमोट म्हणतात, आणि आता मलाही ते नाव आपलेच वाटते. सध्या माझा मुक्काम टीव्हीखालच्या फळीवर असतो. साडीच्या उरलेल्या तुकड्याची मऊ पिशवी शिवून मला तिच्यात ठेवले आहे. गेल्या दसऱ्याला मी भंगारात जाता जाता राहिलो, त्यामुळे ही साधी फळीही मला फार सुखाची वाटते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. वरून मी काळ्या प्लॅस्टिकचा आहे. माझ्या प्रत्येक बटणाखाली रबराची एक लहान टोपी आहे, आणि टोपीच्या आत काजळासारखा काळा ठिपका. बटण दाबले की तो ठिपका खालच्या तांब्याच्या रेघांना टेकतो आणि 'दाबले' एवढा निरोप मी पुढे पाठवतो. बटण का दाबले, कुणी दाबले, दाबणाऱ्याच्या मनात काय होते, हे मला कळते. पण कुणाला कळवता येत नाही. माझी रचनाच तशी आहे.

आधी मी टिळकवाडीतल्या एका मुलाकडे होतो. तो शिकायला बाहेरगावी गेला, तेव्हा यंत्रासकट मी एका दुकानाच्या कपाटात येऊन पडलो. तिथून नागेंद्र नावाच्या विणकराने मला आपल्या मुलीसाठी घरी आणले. त्यांच्या घरात पुढच्या खोलीत टीव्ही आणि मागच्या खोलीत दोन यंत्रमाग. माग सुरू असले की भिंत थरथरते आणि फळीवर ठेवलेला मीही थोडा सरकतो. सुरुवातीला मला भीती वाटायची. नंतर तो आवाज नसला की चुकल्यासारखे होऊ लागले.

नागेंद्रची मुलगी ऋतिका सातवीत होती. तिचे बोट हलके होते. मग निपाणीहून तिचा चुलतभाऊ स्वरूप कॉलेज शिकायला या घरी राहायला आला, आणि माझे खरे दिवस सुरू झाले. लढाई आली की मी स्वरूपच्या हातात असे. चालायचे, गावात हिंडायचे, माणसांशी बोलायचे असले की ऋतिकाच्या. "अण्णा, दे इकडं, आता माझी पाळी," असे म्हणत ती मला ओढून घेई. "ह्या रिमोटसारखा रिमोट न्हाय बघ," असे स्वरूप मित्रांना सांगायचा. असली स्तुती ऐकली की वस्तूलाही बरे वाटते, मित्रांनो.

ते दोघे खेळत होते त्या खेळात एक मोठे तळे आहे. एका काठाला ओरॉन देवाचे लोक राहतात. हा डोंगरातल्या आगीचा देव. दुसऱ्या काठाला सेल्वा देवीचे लोक; ही पाण्याची देवी. दोघांचे जुने वैर. खेळणाऱ्याने सुरुवातीलाच एकाची शपथ घ्यायची असते. मग त्या देवाची कृपा मिळते, आणि दुसऱ्या देवापुढे वाकायचे नाही असा कडक नियम लागू होतो. तलवारीतून ज्वाळा निघतात म्हणून स्वरूपने ओरॉनची शपथ घेतली होती.

ओरॉनच्या भक्तांच्या नावेवर एक दिवा जळतो. तळ्यावर नेहमी धुके असते आणि त्या दिव्याशिवाय नावेला वाट सापडत नाही. नावाडी एक म्हातारा होता. त्याचे खेळातले नाव लांबलचक; पण तो वल्हवताना सारखा कुरकुर करायचा म्हणून ऋतिकाने त्याला नागोजी म्हणायला सुरुवात केली. पुढे स्वरूपही तेच म्हणू लागला. नागोजी लढत नसे, त्याच्याकडे शस्त्र नव्हते. तरी त्या खेळात दोघांचा जीव सर्वांत जास्त कुणावर असेल, तर तो त्याच्यावर.

गणपती गेल्यानंतरच्या एका रविवारची गोष्ट. नागोजीने त्यांच्या वीराला पलीकडच्या काठावर उतरवले आणि मागे राहिलेल्या लोकांना आणायला तो परत निघाला. स्वरूप चहा आणायला स्वयंपाकघरात गेला. मी ऋतिकाच्या हातात होतो. नागोजी येईपर्यंत ती काठाकाठाने हिंडू लागली. तिथे एका झाडाखाली दगडाची लहानशी देवळी होती. पुढे दोन फुले ठेवलेली.

आता ऋतिकाची एक सवय सांगायला हवी. सिटी बस कपिलेश्वराच्या पुलावर आली की तिचा उजवा हात आपोआप छातीला लागतो. गल्लीच्या तोंडाशी मारुती लागला तरी तसेच, आईबरोबर बाजारात जाताना दर्गा लागला तरी तसेच. हे तिला कुणी शिकवले नाही. घरातले सगळे तसे करतात, म्हणून तीही करते. देवळी दिसली तशी तिने माझे खालचे बटण दाबून धरले. खेळात वाकून नमस्कार करायला ते जरा वेळ दाबून धरावेच लागते.

ती देवळी सेल्वाची होती.

दूर तळ्याच्या मधोमध नागोजीच्या नावेवरचा दिवा विझला. धुके दाटले. शपथ मोडल्याची अक्षरे पडद्यावर आली, आणि नाव दिसेनाशी झाली. हा खेळ घडलेली प्रत्येक गोष्ट आपणहून जतन करतो. मागे जाण्याची त्यात सोय नाही.

स्वरूप कप घेऊन दारातच थांबला. "काय केलंस गं?"

"काय न्हाय," ऋतिका म्हणाली. तिचा अंगठा अजून माझ्यावर होता आणि तो गार पडला होता. "आपोआप झालं. बटण अडकलं असंल."

मित्रांनो, अडकलेले बटण नेमके हवे तेवढा वेळ दाबून सुटत नाही. माझी रबराची टोपी त्या दिवशी अगदी ठीक होती. पण मी काय सांगणार?

स्वरूपने मला उलटसुलट करून पाहिले. "लई जुना झालाय हा. ह्याच्यापायी नागोजी गेला." मग तो काकांना म्हणाला, "काका, दसरा झाला की हे भंगारवाल्याला देऊन टाकू." नागेंद्रला यातले काही कळत नव्हते. त्याने मान हलवली आणि मला मागच्या खोलीत, धागा गुंडाळायच्या मोडक्या कांड्यांच्या डब्यात ठेवले.

त्या डब्यात मी बरेच दिवस काढले. धाग्याच्या कांड्या माझ्या खाचांत अडकल्या. मागाची धूळ बटणांच्या कडेने आत जाऊ लागली. टीव्ही असलेल्या खोलीतून खेळाचे संगीत येईना. स्वरूप अभ्यास करत बसे. ऋतिका एकदा डब्यापाशी येऊन उभी राहिली, वाकून पाहिले आणि हात न लावता परत गेली. मला राग आला नाही. मी भंगारात जाईन ही भीती तिला वाटत होती तेवढीच खरे बोलण्याची वाटत होती, आणि त्या दोन भीतींच्या मध्ये मी पडून होतो.

मग खंडेनवमी आली. विणकरांच्या घरात या दिवशी माग बंद असतात. यंत्रे पुसून, तेल देऊन, हळदकुंकू लावून त्यांची पूजा करतात, आणि पूजेत मांडलेले हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी उचलत नाही. ऋतिकाची आत्या मालुबाई वर्षभर कांड्या भरते; पूजा मांडायचा मान तिचा. तिने पाटावर मागाचा धोटा ठेवला, कात्री ठेवली, नागेंद्रचा पाना ठेवला, ऋतिकाचा कंपास ठेवला आणि इकडे तिकडे पाहिले.

"तुमचा रिमोट कुठाय? मागल्या वर्षी होता की."

"तो बिघडलाय आत्या," स्वरूप म्हणाला. "परवा भंगारात जाणाराय."

"जाऊ दे की परवा. आज हाय न्हवं? वर्षभर तुमच्या हाताखाली राबलाय. आण गं ऋतिका."

ऋतिकाने मला डब्यातून काढले. फ्रॉकला पुसू लागली, तर आत्याने ओले फडके दिले. मला पाटावर कात्रीशेजारी ठेवले. मग आत्याने कुंकवाची वाटी तिच्या पुढे केली. "लाव."

ऋतिकाने बोट कुंकवात बुडवले. ते माझ्यावर आणले आणि तिथेच थांबली. बोटावरचे कुंकू सुकू लागले.

"लाव की. पाय दुखायला लागले माझे," आत्या म्हणाली.

"आत्या, ह्याचं काय बिघडलं न्हाय." ऋतिका माझ्याकडेच बघत बोलत होती. "मी नमस्कार केलता. मीच बटण दाबलं."

"कुणाला नमस्कार?"

"सेल्वाला."

"ही कोण आणि?"

"खेळातली देवी. पण आमचा देव ओरॉन. त्याची शपथ घेतली की दुसऱ्याला नमस्कार चालत न्हाय. मी केला, म्हणून दिवा विझला आणि नागोजी बुडाला. आणि मी रिमोटचं नाव सांगितलं."

आत्या पाटापुढे नीट बसली. "असला कसला रं देव निवडलास स्वरूप? आम्ही सौंदत्तीला जातो, जोतिबाला जातो, वाटेत शेंदूर लावलेला दगड दिसला तरी हात जोडतो. घरचा देव कधी रुसून बसला न्हाय."

"आक्का, गेममध्ये नियम असतात," नागेंद्र हसू दाबत म्हणाला.

"असूंदेत नियम. पोरीनं नमस्कारच केलाय, चोरी न्हाय केली."

ऋतिकाचे बोट अजून हवेतच होते. मी इतका वेळ कुणाच्या बोटाची वाट कधी पाहिली नव्हती.

"मला सांगायला काय झालतं गं?" स्वरूप शेवटी म्हणाला.

"तू रागात होतास."

"मी रिमोटवर होतो रागात."

"त्येच की."

स्वरूपने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्याचे खांदे सैल झाले. "लाव कुंकू," तो म्हणाला. "आणि जरा वरच्या बाजूला लाव. बटणात गेलं तर खरंच अडकंल."

ती हसली, आणि हसताना बोट घसरले. कुंकू बरोबर खालच्या बटणावर पडले. त्या रात्री मी धोट्याशेजारी झोपलो. भंगाराचे नाव पुन्हा कुणी काढले नाही.

दसऱ्याला सकाळी पूजा उचलली आणि ऋतिकाने मला टीव्हीपुढे नेले. "नागोजीला शोधायचं," ती म्हणाली.

"दिवा न्हाय. तळ्यातनं कसं जाणार?"

"काठानं चालत."

"लई लांब हाय."

"आज सुट्टी हाय."

वाट खरेच लांब होती. ओरॉनच्या गावांचे दरवाजे त्यांच्यासाठी बंद झाले होते. तलवारीतून ज्वाळा निघत नव्हत्या. सेल्वाच्या पहारेकऱ्यांनी भाले रोखले, तेव्हा स्वरूपने मला घट्ट धरले. पण ते पहारेकरी बाजूला झाले. वाट सोडली, मान झुकवली.

"हे का सोडायलेत आपल्याला?" स्वरूप म्हणाला.

"नमस्कार केलता न्हवं मी," ऋतिका हळूच म्हणाली.

दुपारी केव्हा तरी त्यांचा वीर सेल्वाच्या मोठ्या देवळामागच्या घाटावर पोचला. तिथे एक नाव बांधलेली होती. काठावर बसून एक म्हातारा जाळे शिवत होता आणि कुरकुरत होता. नावेची घंटा वाजली की मी हलका थरथरतो. तशी माझ्यात सोय आहे. मी थरथरलो, आणि मला धरलेले चारही हात थरथरले.

"अण्णा, जित्ता हाय हा."

"व्हय गं. आणि बघ, कुरकुरतोय पण." स्वरूपने मोठा श्वास सोडला. धुक्यात हरवलेल्या नावेला सेल्वाने आपल्या काठाला लावून घेतले होते, असे नागोजीने सांगितले. कुणीतरी सेल्वाच्या फुलांपुढे वाकून गेले होते म्हणे.

मग देवळाच्या पायरीवर पडद्याने विचारले, आता सेल्वाची शपथ घेणार का? स्वरूपने मला ऋतिकाच्या हातात दिले. "तू सांग."

तिने शपथ घेतली नाही. खालचे बटण दाबून धरले, नमस्कार केला आणि नावेत जाऊन बसली. तेव्हापासून ते दोघे कुठल्याच देवाच्या कृपेवाचून खेळतात. लढाया अवघड जातात. पण बंद दरवाजा असो की उघडा, देऊळ लागले की ऋतिका थांबते. पुढे काही दिवसांनी तर ओरॉनच्या एका पुजाऱ्याने नावेला तेल दिले. दिव्यासाठी नव्हे, वल्ह्यांच्या खुंट्यांसाठी, पण दिले.

माझ्या खालच्या बटणाच्या कडेला अजून थोडे कुंकू आहे. स्वरूप ते काढायला मागाचा ब्रश घेऊन बसला होता, मग बटण चालते आहे असे पाहून त्याने ब्रश ठेवून दिला.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणी असेल. खेळून झाले की त्याला पुसा, झाकून ठेवा, ओल्या हाताने धरू नका. आणि कधी तुमच्या हातून काही चुकले, तर त्याचे नाव पुढे करू नका. आम्हाला उत्तर देता येत नाही. समोरच्या माणसाला येते, आणि ते बहुधा तुम्हाला वाटते तेवढे कठोर नसते.