पिवळ्याशेजारची सावली

मी एक डबा आहे, पण माझ्यात कोणी काही ठेवत नाही. माझ्यात फक्त ऊन येतं, तेही केसाएवढ्या फटीतून. आत आलं की त्याचे रंग होतात आणि रंगांमध्ये बारीक काळ्या रेघा दिसतात. एवढंच माझं काम. पण एवढ्याशा कामापायी एका घरची पेरणी वाया गेली, म्हणून मला अजून चैन पडत नाही.

माझा जन्म धाड गावच्या बाजाररस्त्यावर, घड्याळजी रहेमतुल्लाचाचांच्या दुकानात झाला. मोबाइल आल्यापासून घड्याळं दुरुस्तीला येईनाशी झाली होती, पण चाचांच्या हातांना रिकामं राहणं ठाऊक नव्हतं. रद्दीतल्या एका विज्ञान मासिकात त्यांनी माझ्यासारख्याचं चित्र पाहिलं आणि शेजारच्या कृषी केंद्रातून बीटी सरकीच्या पाकिटांचं रिकामं खोकं उचलून आणलं. माझ्या अंगावर अजून ते छापील टपोरं बोंड आहे. आतून त्यांनी मला काजळीनं काळं केलं. दाढीच्या पात्याचे दोन तुकडे समोरासमोर लावून फट केली. डोळ्याला भिंग लावून ती इतकी बारीक केली, की त्यांची बायको नूरबी म्हणाली, "अजी, इसमें से तो हवा भी नहीं जाएगी." आत तिरपा बसवलेला सीडीचा तुकडा कोणाच्या तरी लग्नातला आहे.

सूर्याकडे ते मला कधीच थेट रोखत नसत. डोळे जातात. उन्हात एक पांढरी बशी ठेवायची आणि तिच्यावरचं ऊन माझ्यातून बघायचं. मग माझ्या बघायच्या भोकाला मोबाइल लावून फोटो काढायचा. रोज, दुपारची नमाज झाली की.

कडूबा हा त्यांचा रोजचा पाहुणा. गावालगत त्याचं पाच एकर कोरडवाहू. घड्याळाचा पट्टा बदलायला आला, तो बसायलाच लागला.

"ही पिवळ्यातली काळी रेघ पाय," चाचा म्हणायचे. "मिठात जे असते ना, तेच सूर्यात हाय. त्याची खूण."

"मंग ऊन खारं काऊन नाही लागत, चाचा?"

"तू चाटून पायलं काय कधी?"

असं हसत-बोलत चालायचं. पण त्या रेघेशेजारी एक अंधुक सावली होती. ती सूर्याची नव्हती. मासिकात लिहिलं होतं, की ती आपल्याच हवेतल्या बाष्पाची. बाष्प वाढलं की ती गडद होते. चाचांनी वर्षभर फोटो ताडून पाहिले. सावली गडद झाली की ते म्हणायचे, "पाऊस येईल बरं." दोनदा ते खरं निघालं. तेव्हापासून कडूबा रेघा विचारायचा थांबला. येताच विचारायचा, "आज काय म्हनते डबा?"

मला तेव्हाच धास्ती वाटायला हवी होती. पण मला कोणी विचारतंय, याचंच कौतुक होतं.

दोन वर्षं पावसानं दगा दिला होता. तिसऱ्या वर्षी मृग लागला आणि त्याच सुमारास रमजानचा महिना लागला. उपवासात दुपारी चाचांना गळून जायला व्हायचं. ते दुकानात पडून राहायचे आणि मला संध्याकाळी बाहेर काढायचे, रोजा सोडायच्या थोडं आधी. नूरबी खजुरासाठी बशी धुऊन ठेवायची. तिच्यावर कललेलं ऊन पडायचं.

पहिल्याच संध्याकाळी सावली गडद दिसली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी चाचा कडूबाला म्हणाले, "दोन-तीन दिवसांत येतो बघ. लई बाष्प हाय."

कडूबाची बायको अंबूबाई सोबत होती. ती म्हणाली, "म्या सकाळी मनगटापर्यंत हात घातला वावरात. ओल नाही लागली. कोरड्यात सरकी टोबू नोका. घरची सरकी असती तं गेली तं गेली, म्हनलं असतं. हे बीटीचं बी इकत आनलेलं, एकदा गेलं की गेलं."

"तुह्या हातापेक्षा डब्याले जास्त दिसते," कडूबा म्हणाला.

चाचांनी मला उचलून आत ठेवलं. मला बोलता येत नाही.

नवरा-बायकोनं धुळीतच सरकी टोबली, बोटानं एकेक बी मातीत दाबून. चौथ्या दिवशी चार थेंब पडले. तेवढ्यानं बी फुगलं, मोड आला आणि मग दहा दिवस नुसतं ऊन. मोड जागच्या जागी करपले. कडूबानं चाचांना एका शब्दानं दोष दिला नाही. "वरच्याच्या मनात नव्हतं," एवढंच म्हणाला. तो रोज यायचा, स्टुलावर बसायचा, उठून आभाळ बघून यायचा, परत बसायचा. चाचा एकच घड्याळ उघडायचे आणि बंद करायचे.

मग एका दुपारी नूरबीनं बशी धुऊन उंबऱ्याबाहेर वाळत ठेवली. ऊन डोक्यावर होतं. चाचांनी जुन्या सवयीनं मला उचललं. सावली फिकट होती, जेमतेम. संध्याकाळी पुन्हा पाहिलं तर गडद. आभाळ तेच, हवा तीच.

चाचांनी मोबाइलमधले जुने फोटो उघडले आणि प्रत्येकाची वेळ बघत गेले. घड्याळजी माणूस, आणि वेळच बघायची राहून गेली होती. कललेलं ऊन तिरपं येतं, दुपारच्यापेक्षा कितीतरी जास्त हवेतून येतं. संध्याकाळी ती सावली गडदच असणार, पाऊस असो वा नसो.

बांग झाली. खजूर बशीत तसाच राहिला.

"उनको मालूम नहीं, तो काहेको बोलते?" नूरबी हळू आवाजात म्हणाली.

"मेरे को मालूम है ना."

घोटभर पाणी पिऊन, मला पिशवीत घालून ते तसेच कडूबाच्या घरी गेले. ओसरीवर सगळं सांगितलं.

"म्हंजे डबा खोटा नव्हता," कडूबा म्हणाला.

"नाही. म्या येळ बदलली. चूक माही."

अंबूबाई चुलीपुढून उठली नाही. तिथूनच म्हणाली, "अन् माहा हात? तोबी खोटा नव्हता."

कडूबानं मान खाली घातली. चाचांनीही.

आठवड्यानं पाऊस आला, चांगला भिजवणारा. अंबूबाईनं कुठून तरी बियाणं जुळवलं. पहाटेच चाचा आणि नूरबी त्यांच्या वावरात हजर झाले. मी बांधावर पिशवीत होतो, नुसतं ऐकत होतो.

"रोजा हाय तुमचा. सावलीत बसा," अंबूबाई म्हणाली.

"सावलीत लई बसलो यंदा."

ती क्षणभर हसली. मग म्हणाली, "बी मंग घ्या. आधी हात घाला, चाचा. आणखी खोल. मनगट बुडू द्या."

"घातला."

"लागली?"

"लागली. थंड हाय."

"हो ना. आता टोबा. घड्याळजी, एका जागी दोन दाने, मूठभर नाही."

त्या दिवशी मला कोणी काही विचारलं नाही.

आता मी दुकानाच्या फळीवर आहे, वेगवेगळ्या वेळा दाखवणाऱ्या घड्याळांच्या मध्ये. माझ्या झाकणावर चाचांनी लिहिलंय: 'दुपारी बारालाच बघावे. पाऊस विचारू नये.' पात्यांना गंज धरू लागलाय. तरी बाराला कोणी ना कोणी डोळा लावतं. कडूबाही लावतो, रंग बघतो आणि परत जातो.

मला त्रास होतो तो संध्याकाळी. दाराच्या फटीतून तिरपं ऊन फळीवर येतं, माझ्या आत शिरतं आणि पिवळ्याशेजारी ती सावली दाटायला लागते. रस्त्यानं कोणीतरी बियाण्याची पाकिटं घेऊन जात असतं. मी आतल्या आत तडफडतो. बाबांनो, मला सूर्यात काय आहे ते विचारा, जन्मभर सांगेन. पण पेरायचं असेल तर माझ्याकडे येऊ नका. घरी जा, आणि जी सकाळी वावरात जाऊन आली, तिचा हात बघा.