खानसाम्याच्या हातचं

कौसल्येने थैलीतून स्टोव्ह तिसऱ्यांदा बाहेर काढला आणि खाटेखाली सरकवला. कालपासून हाच खेळ चालला होता. मधुकर यायचा, स्टोव्ह जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून थैलीच्या तळाशी ठेवायचा आणि काही न बोलता निघून जायचा. त्याची पाठ वळली की ती तो बाहेर काढायची. दहा वर्षांच्या संसारात दोघांची भांडणं थोडीच झाली होती, त्यामुळे दोघांनाही भांडणाचा म्हणावा तसा सराव नव्हता.

परवा ताडोबाला निघायचं होतं. मधुकर हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होता, आणि फिटरचं डोकं एखाद्या गोष्टीत शिरलं की ती सुटी करून, पुसून, पुन्हा जोडल्याखेरीज बाहेर येत नाही. सहलीचंही त्याने तेच केलं. पहाटेच्या एस.टी.ने चंद्रपूर, तिथून जंगलात जाणारी दुपारची बस, तलावाकाठच्या विश्रामगृहात एक खोली, संध्याकाळी वनखात्याच्या गाडीतून फेरी. उन्हाळ्यात जनावरं पाण्यावर येतात आणि शीलाची परीक्षा संपलेली असते, म्हणून एप्रिलचा शेवट. अंथरूण घरचं, सुरई घरची. प्रतापनगरातल्या त्यांच्या गल्लीतून तोवर कोणी जंगल बघायला म्हणून गेलेलं नव्हतं. शेजारणी विचारायच्या, नवसबिवस बोलला होता काय?

कौसल्येला वाघाचं तेवढं अप्रूप नव्हतं. दिसला तर दिसला. तिच्या मनात दुसरंच होतं, आणि ते बळीरामने भरवून दिलं होतं.

बळीराम मधुकरच्याच कारखान्यातला, मौद्याकडच्या शेतकरी घरातला, मोकळ्या गळ्याचा माणूस. मागल्या रविवारी तो आला, तेव्हा कौसल्येने त्याला आंदणातल्या स्टीलच्या ताटात पोहे दिले. पाहुणा आला की तीच ताटं फळीवरून उतरायची. त्याने दोनदा मागून घेऊन खाल्ले. ताट रिकामं होताच शीलाने काठावर कोरलेली अक्षरं खणखणीत वाचून दाखवली, “कौसल्या मधुकर गजभिये, वडिलांकडून सप्रेम भेट.” चौथीतली पोर. दुकानाच्या पाटीपासून आगपेटीपर्यंत जे दिसेल ते मोठ्याने वाचायचं, हा तिचा त्या वर्षीचा छंद होता.

“वहिनी, तिथं रांधाची भानगडच नाही,” बळीराम म्हणाला. “खानसामा राहते. शिधा त्याच्या हवाली करा अन् तलावाच्या काठानं जाऊन बसा. जेवाले तोच आवाज देते. काय गा मधुकर, आठवते का त्या डाकबंगल्यावरची कोंबडी? पंप बसवाले गेलो होतो तवाची? अजून तोंडाले चव आहे!”

मधुकर पाणी आणायला उठला. माठ दोन हातांवर होता, पण त्याला यायला बराच वेळ लागला.

कौसल्येचं तिकडे लक्ष नव्हतं. ती केव्हाच तलावाच्या काठाला पोचली होती. कोणीतरी आवाज द्यावा आणि आपण नुसतं जेवायला जाऊन बसावं, हे दोन बाळंतपणं सोडली तर लग्नापासून तिच्या वाट्याला आलं नव्हतं. त्यातलं एक पोर हाती लागलं नाही, त्यामुळे ते जेवणही तिला आठवत नव्हतं. माहेरी गेली तरी भावजयीशेजारी बसून भाकऱ्या थापायच्याच. आणि आता तीन दिवस दुसऱ्याच्या हातचं गरम गरम! ह्या विचाराची तिला इतकी ओढ लागली होती की मध्ये वाघ येऊन बसला असता, तर तिने त्यालाही जरा सरक म्हटलं असतं.

आणि हा माणूस स्टोव्ह घेऊन निघाला होता.

मधुकर आंघोळ करून आला. त्याने थैली चाचपली आणि खाटेखाली वाकून बघितलं.

“काहून काढून राहिली वं?”

“तुमी काहून ठेवून राहिले? तिथं खानसामा आहे.”

“त्याले पैसे द्या लागते.”

“एस.टी.ले देता, खोलीले देता, गाडीले देता. हत्ती गेला अन् शेपूट अडकलं काय?”

“स्वस्तात होते म्हणून तं चाललो आपण.”

“माह्या हातानं होते स्वस्त!” तिचा आवाज चढला. दारात तांदूळ निवडत बसलेल्या सासूचा, प्रयागबाईचा हात थांबला. “इथं रांधाचं ते तिथं जाऊन रांधाचं, याले जंगल कायले पायजे? मले घरीच ठेवा. माही तिकीटबी वाचते.”

मधुकर स्टोव्ह पुढ्यात घेऊन खाली बसला आणि पिन काढून त्याचं तोंड साफ करू लागला. ते कालच साफ केलेलं होतं.

“खानसामा नाव विचारते,” शेवटी तो स्टोव्हकडे बघूनच म्हणाला.

“मंग सांगा लागते.”

“पूर्ण नाव विचारते.”

प्रयागबाईने सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

“पंप बसवाले गेलो होतो तिघं, सायब धरून,” मधुकर म्हणाला. “कोंबडी तिघांच्या पैशाची. त्यानं नावं विचारली, आमी सांगितली. मंग सायबाले अन् बळीरामले टेबलावर बशा. मले पायरीवर पत्रावळ. म्हणे, बशा कमी आहेत. कपाट उघडंच होतं त्याचं.”

“अन् बळीराम?”

“जेवला.” त्याने पिन फडक्याला पुसली. “त्याच्या ध्यानातच नाही आलं. त्याले वाटलं, मी हवेले बसलो बाहेर. अजून कोंबडीचंच सांगते तो.”

कौसल्येला संताप आला, आणि तो कोणावर काढावा हे तिला कळेना. तो खानसामा कुठल्या कुठे. बळीराम तर रविवारी तिच्याच हातचे पोहे पोटभर खाऊन गेलेला. नवऱ्याला कंजूष म्हणून कालपासून तिने मनातल्या मनात जे जे ऐकवलं होतं, ते सगळं आता तिला आठवलं.

“सगळेच तसे नसतेत,” ती म्हणाली.

“नसतेत. हा खानसामा बी नसन. पण शीला संगं आहे. तिच्यासमोर नको. म्हणून स्टोव्ह.”

छप्पन साली कौसल्या सहा वर्षांची होती. वडिलांच्या खांद्यावर बसून ती दीक्षेच्या मैदानावर गेली होती, आणि खाली जिकडे बघावं तिकडे पांढरी लुगडी, पांढरी धोतरं. बाकी काही आठवत नव्हतं. वडिलांची मान मात्र आठवत होती, कारण ती तिने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. ती मान सारखी वर होती.

तिने वाकून नवऱ्याच्या पुढ्यातला स्टोव्ह उचलला आणि फडक्यात नीट गुंडाळला. मधुकरने सुटकेचा श्वास सोडला. पण तिने तो थैलीत ठेवला नाही, भिंतीशी ठेवला. मग फळीवरची आंदणातली चार ताटं उतरवली, पदराने पुसली आणि एकावर एक थैलीत घातली.

“बशा कमी आहेत म्हणाला, तं म्हणू आमची ताटं आहेत. यातच वाढ.”

मधुकर वरच्या ताटाकडे बघत राहिला. “नाव आहे त्याच्यावर.”

“हाव. त्याले विचारा नाही लागणार.”

“अन् त्याले वाचता नाही आलं तं?”

“शीला आहे न.”

मधुकरला हसू आलं, पण ते टिकलं नाही. “अन् वाचूनबी पायरीच दाखवली तं?”

कौसल्या थैलीचे बंद उगाच ओढत राहिली.

“भाकरी अन् ठेचा बांधून घेतो मी,” प्रयागबाई सुपातून मान वर न करता म्हणाली. “टेबलावरून उठाचं नाही, बस. तिथंच बसून खाऊ.”

अंगणात शीला कोणाला तरी आगपेटीवरची अक्षरं वाचून दाखवत होती. मधुकरने थैली उचलून बघितली. ती स्टोव्हपेक्षा जड झाली होती. ती त्याने दाराशी नेऊन ठेवली, मग मागे वळून स्टोव्ह उचलला आणि फळीवर ताटांच्या रिकाम्या जागी ठेवून दिला.