जिंकल्यावर वाजणारी कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. माझ्या एका बाजूला आइसलँडचे राष्ट्रगीत आहे. दुसरी बाजू कोरी.

त्या रविवारी थोरलाकुर स्वयंपाकघरात बसून, पेन्सिल घालून माझी सैल झालेली फीत गुंडाळत होते. देशाच्या पुरुषांच्या आइस हॉकी संघाचे सगळे सामान तेच सांभाळत. सुक्या माशाला लोणी लावता लावता त्यांची मुलगी स्टेनुन म्हणाली, "बाबा, आता सगळं कॉम्प्युटरवर असतं. हिला कोण विचारतंय?"

"आणि कॉम्प्युटर ऐन वेळी रुसला तर?"

"आधी जिंका तरी!"

"गप मासा खा," ते हसत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हॉकीच्या मैदानाच्या दारातच कोसळले. पुन्हा उठले नाहीत.

माझा जन्म आकुरेयरी गावच्या चर्चमधला. तेव्हा संघ नवा होता. स्पर्धेला येताना प्रत्येकाने आपले राष्ट्रगीत आणावे, असा निरोप आला होता. सामना संपला की दोन्ही संघ हेल्मेट काढून बर्फावरच्या निळ्या रेषेवर उभे राहतात आणि जिंकणाऱ्याचेच गीत वाजते. म्हणून गावच्या गायकांनी आमचे गीत गाऊन माझ्यावर टेप केले. थोरलाकुरही मागच्या रांगेत होते. गाणे बसवणाऱ्या बाई त्यांना लाडक्या नावाने म्हणाल्या, "लाउकी, तू नुसते ओठ हलव. हे गीत आधीच उंच सुराचे, त्यात तुझा आवाज नको."

मग मी त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात बसून देशोदेशी फिरले. आमचा देश एवढासा. संघात कोणी सुतार, कोणी मासेमारीच्या बोटीवरचा. दर वेळी दुसऱ्यांचे गीत ऐकूनच आम्ही परतायचो. छोटी स्टेनुन दारातच विचारायची, "वाजली?" ते नकारार्थी मान हलवायचे. "बरं," म्हणून ती आत पळायची. घरी मात्र ते मला कधी लावत नसत. "जिंकल्याशिवाय नाही," म्हणायचे.

आणि एकदा आम्ही जिंकलो! थोरलाकुर मला घेऊन धावले. पण तिथे नवे यंत्र होते, ते फक्त सीडी वाजवायचे. तेव्हा खेळाडू स्वतःच गाऊ लागले. उंच सुराला सगळ्यांचे आवाज फाटले. "लाउकी, आता तरी तोंड उघड!" गोलरक्षक बिर्किर ओरडला. थोरलाकुर गायले. फारच बेसूर गायले. मी खिशातून ऐकत होते.

घरी तोच प्रश्न. "वाजली?"

"नाही," ते म्हणाले, "पण आम्ही गायलो."

पुढे माझी कोणालाच गरज उरली नाही. तरी अधूनमधून फीत गुंडाळून ते मला पुन्हा त्याच खिशात ठेवत.

दफन झाल्यावर जुने खेळाडू मैदानावर जमले. बिर्किरने कुठून तरी टेपरेकॉर्डर पैदा केला होता. स्टेनुनने मला कोटातून काढले.

"लावू? आज काही जिंकलो नाही आपण."

"नियम करणारा पळाला. लाव तू," बिर्किर म्हणाला.

सगळे निळ्या रेषेवर उभे राहिले. मी पहिल्यांदा वाजले. फीत थरथरली, पण तुटली नाही. स्टेनुन कान देऊन वडिलांचा आवाज शोधत होती. तो माझ्यात नव्हता.

मित्रांनो, वस्तू जपा, पण मोठ्या दिवसाची वाट बघत खिशात कोंडून ठेवू नका. मनातले बोलणेही कोंडू नका.

गीत संपले. माझी फीत नुसती खरखरत राहिली. बटण कोणीच बंद केले नाही. त्या खरखरीत स्टेनुन सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली,

"बाबा, वाजली का, हे मी उगाच विचारायचे. मला फक्त तुम्ही परत आलात का, ते बघायचं असायचं."