कोरी खिडकी

"पहिला हात झाला," मामा म्हणाले. "वाळला की दुसरा मारतो."

चित्रकलेचे सर त्यांच्या पाठीमागे उभे होते. समोर तळं होतं, काठाला होडी होती, होडीवर एक पांढरा पक्षी बसला होता, आणि ही सगळी मंडळी मामांच्या कागदावरून नाहीशी झाली होती. कागद या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत निळाशार होता.

"अहो, पांढरं कुठंय?" सर म्हणाले. "जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत. कागद सोडतात. तो पक्षी म्हणजे सोडलेला कागद."

"सोडायचा?" मामांनी वळून पाहिलं. "म्हणजे भिंतीचा तुकडा तसाच ठेवून घरी जायचं? घरमालक ओरडणार नाही?"

सरांनी कागद उचलून उजेडात धरला. बराच वेळ धरला. "एक डाग नाही, एक ओघळ नाही. असा सपाट रंग जमायला मला सहा वर्षं लागली."

"तुमची शिडी बुटकी असेल," मामा म्हणाले.

माझ्या मामांनी एक्केचाळीस वर्षं लोकांची घरं रंगवली. भिंत आणि छत जिथं भेटतात तिथली रेघ ते चिकटपट्टी न लावता, नुसत्या हातानं ओढायचे. एका संशयी वकिलानं ती एकदा फूटपट्टी लावून तपासली, तर पट्टी वाकडी निघाली. सहा महिन्यांपूर्वी मामांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, शिडी बंद. मामांनी ब्रश धुतले, डब्यात भरले आणि डबा माळ्यावर टाकला. त्यासाठी ते शिडीवर चढले होते, हे डॉक्टरांना कुणी सांगितलं नाही.

मी मामांकडेच राहतो. त्यानंतर ते खुर्चीत बसून आमच्या छताकडे बघत राहायचे. माझ्या मामेबहिणीला ते बघवेना. तिनं तीन दिवसांच्या सहलीत त्यांचं नाव घातलं: उघड्यावर बसून जलरंग शिका. "बाबा, रंगच आहेत ना शेवटी." सोबतीला मी. मामीची मला एकच सूचना होती: "कुठं शिडी दिसली, की त्यांच्या आधी तू चढून बस." मी ऑफिसातून तीन दिवसांची रजा घेतली. ऑफिसला अजून कळलेलं नाही.

बसमध्ये मामा मला हळूच म्हणाले होते, "चित्रबित्र मला काही नको. एक सरळ रेघ आली पाहिजे. आली, तर मी अजून कामाचा आहे. नाही आली, तर तो डबा भंगारात."

म्हणून दुपारी सगळे ढग काढत असताना मामांनी तळ्याकाठच्या होडीघराच्या छपराची रेघ घेतली. ब्रश टेकवला, श्वास रोखला, हात ओढला. ओल्या पायांची मुंगी घर विसरून भटकावी, तशी रेघ आली.

शेजारी दंतवैद्यबाई बसल्या होत्या. त्या झाडाचं एकेक पान वेगळं काढत होत्या आणि मला वाटतं, प्रत्येकाला तोंड उघडायला सांगत होत्या. त्यांनी डोकावून पाहिलं. "अय्या, काय जिवंत रेघ आहे! कशी काढलीत हो?"

सरही आले. "वा! ही थरथर यावी म्हणून लोक आयुष्य घालवतात."

"घेऊन जा म्हणावं," मामा म्हणाले.

मग जेवेपर्यंत ते ब्रश धूत बसले. मी दोन विनोद केले. दोन्ही तळ्यात बुडाले.

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हाला एका गल्लीच्या टोकाशी नेलं. तिथं एक बैठं घर होतं, आणि त्याची भिंत सोललेली होती. वर पिवळा रंग, त्याखालून हिरवा, त्याखालून विटा. "बघा," सर म्हणाले, "काळानं काय रंगवलंय!" तेरा जणांनी एकदम सुस्कारा सोडला आणि घडीची स्टुलं उघडली. मामा तेवढे पुढं गेले आणि त्यांनी भिंतीला तळवा लावला, तापाला लावतात तसा.

"काळानं नाही. पन्हाळीचा सांधा गेलाय," ते म्हणाले आणि त्यांनी दार वाजवलं.

जाड चष्म्याच्या आजीबाई बाहेर आल्या. "चित्रं ना? काढा, काढा. मी आतच आहे."

"आत ओल येते का?" मामांनी विचारलं.

आजीबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मामांना नीट पाहिलं. "चार वर्षं झाली. लोक येतात, भिंत काढतात, वा वा करतात, जातात. हे विचारणारे तुम्ही पहिले." मग म्हणाल्या, "मुलगा रंगाचे डबे, ब्रश, पत्री, डांबर, सगळं ठेवून गेलाय. पुढच्या सुट्टीत लावतो म्हणाला. सुट्टी यायचीय अजून."

मंडळी दुपारच्या जेवणाला गेली आणि आम्ही मागं राहिलो. आजीबाईंनी शिडी आणताच मी मामीच्या हुकमाप्रमाणे ताबडतोब वर चढून बसलो. खालून मामा सांगत होते, मी सांध्यावर डांबर थापत होतो. "अरे, पन्हाळीला लाव, स्वतःला नको!" मग त्यांनी पत्री घेऊन भिंत खरवडली. खालचा ओला भाग सुकायला तसाच ठेवला. "याला महिना लागेल, आजी. आत्ता रंग लावला तर भिंत घुसमटेल." खिडकीभोवतीची भिंत मात्र कोरडी होती. तिच्यावर त्यांनी मोठ्या ब्रशानं, अख्ख्या हातानं, फिका पिवळा रंग ओढला. मोठ्या ब्रशाला थरथर कळतच नव्हती.

मंडळी जेवून आली आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकली.

"माझी भिंत!" निवृत्त पोस्टमास्तर ओरडले.

"माझा फक्त डावा कोपरा झालाय," दंतवैद्यबाई म्हणाल्या. "उजवा आता कुठून आणू?"

सर मटकन स्टुलावर बसले. त्या स्टुलानं सहानुभूतीनं घडी घातली.

मामांचं लक्ष नव्हतं. खिडकीची चौकट निळी होती, भिंत पिवळी. दोन्हींच्या मधली रेघ तेवढी राहिली होती. त्यांनी सरांकडं हात पसरला. "तुमचा बारीक ब्रश द्या जरा."

सरांनी दिला. मामांनी ब्रश टेकवला. वीतभर रेघ अशी आली, की तो वकील पट्टी टाकून पळाला असता. मग हात थरथरला. मामांनी ओल्या फडक्यानं रेघ पुसली आणि पुन्हा ओढली. त्याच जागी हात थरथरला. पुसली. तिसऱ्यांदाही तेच झालं. दंतवैद्यबाईंनी तोंड उघडलं आणि न सांगता मिटलं.

मामांनी पुन्हा फडकं उचललं, तेवढ्यात आजीबाई पुढं आल्या. चष्मा भिंतीला टेकेल इतक्या जवळ गेल्या. न टेकवता त्यांनी त्या रेघेवरून बोट नेलं, थरथरत्या जागेवरूनही नेलं. त्यांचंही बोट थरथरत होतं, त्यामुळे ते अगदी रेघेवरून गेलं.

"आता पुसू नका," त्या म्हणाल्या. "माझी सहीसुद्धा अशीच येते. पार्सलवाला घेतो की चालवून."

मामांनी फडक्याची नीट घडी केली आणि खिशात ठेवली.

सरांनी स्टूल पुन्हा उघडलं. "चला मंडळी, कागद पालटा. आता नवी भिंत."

सगळे बसले. मामाही बसले. त्यांनी कागदावर पिवळा रंग ओढला, एक डाग नाही, एक ओघळ नाही, आणि मधे खिडकीएवढी जागा आली तशी तिला वळसा घालून पुढं गेले. शेजारी दंतवैद्यबाई रेघ थरथरवण्याचा जिवापाड प्रयत्न करत होत्या. ती दर वेळी सरळ येत होती, आणि त्या चिडत होत्या.

"मामा, खिडकी राहिली," मी म्हणालो. "घरमालक ओरडेल."

"कागद माझा आहे," मामा म्हणाले.

घरी मामीनं चित्र हातात धरलं. "छान आहे हो. पण खिडकी राहिली की रंगवायची."

"राहिली नाही. सोडलीय."

चित्राला चौकट केली. आमच्या बाहेरच्या खोलीला अकरा वर्षांत रंग लागला नव्हता. घरमालक स्वतःच रंगारी, ओरडणार कोण? त्या भिंतीवर मामांनी जमिनीवर उभं राहून, दोन्ही हातांनी हातोडी धरून खिळा ठोकला आणि चित्र टांगलं.

"सरळ आहे का?" त्यांनी विचारलं. एक्केचाळीस वर्षं हा प्रश्न लोक त्यांना विचारत आले होते.

चित्र अर्धं बोट डावीकडं कललं होतं. "सरळ आहे," मी म्हणालो. "एकदम सरळ," मामी म्हणाली.

मामा चार पावलं मागं गेले. एक डोळा मिटून त्यांनी पाहिलं.

"खोटारडे आहात दोघं," ते म्हणाले आणि हातोडी ठेवायला आत गेले. चित्राला त्यांनी हात लावला नाही. आतूनच हाक आली, "माळ्यावरचा डबा खाली काढ रे. महिन्यात आजींची भिंत सुकेल."

मी शिडी लावली, चढलो. वरून ते चित्र आणखीच डावीकडं दिसत होतं.